लाल वाइन हृदयासाठी? श्रेय ग्लासाला नको, ताटाला द्या

"डॉक्टर, रेड वाइन चालेल ना? ती हार्टला चांगली असते म्हणतात."

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. विचारणारे दारुडे नसतात. चांगली शिकलेली, रोज चालायला जाणारी, मीठ-तेल मोजून खाणारी माणसं असतात. "म्हणतात" या शब्दामागे एखादा व्हॉट्सॲप फॉरवर्ड असतो, फ्रान्सला जाऊन आलेला भाचा असतो, किंवा, सांगायला वाईट वाटतं, एखादा डॉक्टर असतो.

एकदा तो डॉक्टर मीच होतो. तेव्हा माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी एक काका अँजिओप्लास्टीनंतरच्या तपासणीला आले होते. वय साठच्या आसपास, आयुष्यात कधी दारूला शिवले नव्हते. मुलगा नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहरात होता. त्याने येताना मादिराँ नावाच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. "बाबा, तिकडे म्हातारी माणसं रोज ही पितात आणि नव्वदी गाठतात," असं तो म्हणाला होता. काकांनी मला विचारलं. बाहेर पेशंट ताटकळत होते. मी हसत म्हणालो, "एखादा ग्लास घेतलात तर बिघडत नाही."

आठ महिन्यांनी काका छातीत धडधड होते म्हणून आले. ईसीजीमध्ये ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. ट्रायग्लिसराइड्स वाढलेली, रक्तदाब वाढलेला. काकू चिडून म्हणाल्या, "रोज रात्री दोन पेले घेतात. विचारलं की म्हणतात, डॉक्टरांनीच सांगितलंय." फ्रेंच बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. आता दुकानातून मिळेल ती रेड वाइन स्टीलच्या पेल्यात ओतून, नाक मुरडत, औषध म्हणून घेतली जात होती.

काकांचे ठोके फक्त वाइनमुळे बिघडले असं मी म्हणणार नाही. वय होतं, रक्तदाब होता. पण दारूने हा विकार बळावतो हे मला माहीत होतं आणि तरीही मी घाईत एक वाक्य बोलून गेलो होतो. म्हणून आज थोडं कडक लिहितो आहे. लाल वाइन हे हृदयाचं औषध नाही. ते औषध आहे असं सांगणाऱ्याने, मग तो कुणी का असेना, ते सांगणं थांबवावं.

ही गोष्ट सुरू कुठे झाली?

१९९१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात एक कोडं मांडलं गेलं. फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे. असं का? याला 'फ्रेंच पॅराडॉक्स' म्हणजे फ्रेंच विरोधाभास म्हणतात. कार्यक्रमाचा रोख लाल वाइनकडे होता. अमेरिकेत लाल वाइनची विक्री झपाट्याने वाढली.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, सर्ज रेनो आणि मिशेल द लोर्जेरिल या फ्रेंच संशोधकांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. फ्रान्समध्ये नेहमी घेतली जाते तेवढी, म्हणजे दिवसाला २० ते ३० ग्रॅम अल्कोहोल पोटात जाईल इतकी वाइन घेतली तर हृदयविकाराचा धोका निदान ४० टक्के कमी होऊ शकतो, असं त्यात मांडलं होतं. तुलूज हे त्यांचं लाडकं उदाहरण. तिथे हृदयविकाराचं प्रमाण उत्तरेकडच्या लीलपेक्षा कमी होतं.

गंमत पाहा. त्याच १९९१ साली, जानेवारीत, फ्रान्सने दारूच्या जाहिरातींवर कडक बंधनं घालणारा कायदा केला होता. त्याला एव्हँ कायदा म्हणतात. वाइन पिऊन जे राष्ट्र निरोगी राहतं असं जगाला सांगितलं जात होतं, ते राष्ट्र स्वतः मात्र दारूच्या दुष्परिणामांना आवर घालायला निघालं होतं. आपल्यापर्यंत टीव्हीवरची बातमी पोचली, कायद्याची पोचली नाही.

आधी त्या वाइनविषयी आणि त्या जेवणाविषयी

वाइनला नुसती नावं ठेवण्याआधी ती तिथे कशासाठी असते ते समजून घेऊ. दक्षिण फ्रान्समध्ये ऊन भरपूर. द्राक्षात साखर जास्त भरते, आणि साखरेचंच अल्कोहोल होतं. म्हणून इथल्या लाल वाइन सहसा दणकट असतात, १३ ते १५ टक्के अल्कोहोलच्या.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी मादिराँ. तिचं द्राक्ष तानात, अतिशय तुरट. थोडं उत्तरेला, लो नदीच्या काठी काहोर. तिथली वाइन इतकी गडद की तिला काळी वाइनच म्हणत. भूमध्य समुद्राकडे लाँगडॉक प्रांतात कोर्बिएर आणि मिनर्व्हुआ. ऱ्होन नदीजवळ शातोनफ-द्यु-पाप, आणि टुलाँ शहराच्या पश्चिमेला किनाऱ्यावर बाँदोल. यातल्या बऱ्याच वाइनमध्ये वापरलं जाणारं सिरा द्राक्ष आपल्या ओळखीचं आहे. नाशिकच्या बाटल्यांवर 'शिराझ' म्हणून छापलेलं असतं, तेच हे.

आता ताट पाहा. मादिराँच्या मुलखात बदक. बदकाची तंगडी मीठ लावून, बदकाच्याच चरबीत तासन् तास मंद शिजवतात आणि त्याच चरबीत बुडवून साठवतात. कास्तेलनोदारी, कार्कासोन आणि तुलूज ही तीन गावं 'कास्सुले' या पदार्थावरून आपापसांत भांडतात. पांढरा राजमा, सॉसेज, बदक किंवा डुक्कर, सगळं एका मातीच्या भांड्यात. त्या भांड्याला 'कासोल' म्हणतात, त्यावरूनच पदार्थाचं नाव पडलं. प्रोव्हाँसमध्ये 'दोब', म्हणजे लाल वाइनमध्ये मंद शिजवलेलं गोमांस, कधी त्यात संत्र्याची साल. शिवाय थाईम, रोझमेरी लावून भाजलेलं मेंढीचं मांस.

असल्या जेवणाबरोबर ही वाइन का जमते? कारण साधं आहे. लाल वाइनमध्ये टॅनिन असतं. कोरा कडक चहा, कच्चं जांभूळ किंवा सुपारी तोंडात घातल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, तोच हा तुरटपणा. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत चरबी आणि मांस असलं की तो तुरटपणा मऊ होतो आणि उलट वाइनमुळे तोंडातला तेलकटपणा कमी वाटतो. जेवण झाल्यावर आपण सुपारी चघळतो, त्यातलाच हा प्रकार.

याच कारणाने ही वाइन आपल्या झणझणीत जेवणाशी फारशी जुळत नाही. मिरचीतला तिखटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तोंडातल्या उष्णता जाणणाऱ्या एकाच यंत्रणेला डिवचतात. तांबड्या रश्श्यावर १४ टक्क्यांची वाइन म्हणजे आगीत तेल.

थोडक्यात, दक्षिण फ्रान्समधली वाइन जेवणासाठी घडलेली आहे. त्या मातीतल्या पदार्थांबरोबर, हळूहळू, ताटावर बसून घ्यायची गोष्ट. कुणाला ती चव आवडत असेल तर ते कारण प्रामाणिक आहे. माझं भांडण चवीशी नाही. चवीला औषधाचा मुखवटा चढवण्याशी आहे.

मुखवटा कसा गळून पडला

*एक : तुलना चुकीची होती.* थोडी दारू पिणाऱ्यांना अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा हार्ट अटॅक कमी येतात, असं अनेक पाहणी-अभ्यासांत दिसलं, हे खरं आहे. पण न पिणाऱ्यांच्या गटात कोण कोण होतं? आधी पीत होते पण तब्येत बिघडल्यामुळे सोडली, असेही लोक त्यात धरलेले होते. १९८८ मध्येच ब्रिटनमधल्या शेपर आणि सहकाऱ्यांनी हा दोष दाखवला होता. शिवाय जेवणाबरोबर वाइनचा एक ग्लास घेणारा माणूस बहुधा बऱ्या परिस्थितीतला असतो, भाज्या-फळं जास्त खातो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. मग फायदा ग्लासाचा की त्याच्या सगळ्या आयुष्याचा?

*दोन : जन्मजात फरकाने उत्तर दिलं.* पूर्व आशियातल्या अनेक लोकांना दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळतं, म्हणून ते कमी पितात. हे जनुकांमुळे होतं, पैशामुळे किंवा सवयींमुळे नाही. चीनमधल्या मोठ्या लोकसंख्येवर याच फरकाचा उपयोग करून केलेला अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दारू जितकी जास्त, तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका जास्त. थोडी पिणाऱ्यांना पक्षाघातापासून संरक्षण मिळतं, हे दिसलं नाही. हार्ट अटॅकबाबतही फायद्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

*तीन : रेझवेराट्रॉलचा फुगा फुटला.* द्राक्षाच्या सालीतलं हे द्रव्य चमत्कारी ठरवलं गेलं. पण लाल वाइनच्या एका लिटरमध्ये ते काही मिलिग्रॅमच असतं. प्रयोगांत मात्र शेकडो मिलिग्रॅम वापरलं जातं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाने जाहीर केलं की, या विषयावर भरपूर लिहिणारे त्यांचेच संशोधक दीपक दास यांच्या कामात खोट्या किंवा फेरफार केलेल्या माहितीची १४५ उदाहरणं सापडली. २०१४ मध्ये इटलीच्या प्रसिद्ध वाइन-मुलखातल्या, कियांतीच्या, ७८३ ज्येष्ठांचा अभ्यास आला. आहारातून रेझवेराट्रॉल जास्त मिळालेले लोक ना जास्त जगले, ना त्यांना हृदयविकार कमी झाला.

*चार : मग मादिराँचं काय?* काकांच्या मुलाने सांगितलेली गोष्ट हवेतली नव्हती. २००६ मध्ये रॉजर कॉर्डर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की नैर्ऋत्य फ्रान्समधल्या वाइनमध्ये प्रोसायनिडिन नावाची द्रव्यं जास्त असतात आणि प्रयोगशाळेत ती रक्तवाहिन्यांच्या पेशींवर चांगला परिणाम करतात. त्या भागात दीर्घायुषी पुरुषही जास्त आहेत. पण काचेच्या बशीतल्या पेशी आणि जिवंत माणूस यांत फार अंतर आहे. आणि हीच द्रव्यं सफरचंदात, दालचिनीत, कोकोत आणि दाण्याच्या कुटासाठी शेंगदाणे भाजून आपण जी लाल सालं पाखडून टाकतो, त्यातही असतात. आता कृपया सालं खाण्याचा फॉरवर्ड काढू नका!

*पाच : खुद्द फ्रान्सने उत्तर दिलं.* १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये वर्षाला माणशी १०० लिटरहून जास्त वाइन खपत होती. आता ती ४० लिटरच्या आसपास आली आहे. वाइन हे जर हृदयाचं कवच असतं, तर तिथे हृदयविकार वाढायला हवा होता. तो वाढला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमीच होत गेले. त्याला उपचारांतली सुधारणा वगैरे इतर कारणं आहेत, मान्य. पण कवच काढून घेतल्यावर जखम झाली नाही, एवढं तरी दिसतं. आणि २०१५ या एका वर्षात फ्रान्समध्ये दारूमुळे सुमारे ४१,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, त्यातले १६,००० कॅन्सरचे. फ्रेंच विरोधाभासाच्या फॉरवर्डमध्ये ही माणसं कधी दिसतात का?

मग तुलूजकरांचं हृदय राखलं कुणी?

एकच कारण कुणालाच सांगता येणार नाही. पण एक फार मोलाचा धागा याच मंडळींनी दिला. तेच द लोर्जेरिल आणि रेनो. त्यांनी लिऑन शहरात एक प्रयोग केला. पहिला हार्ट अटॅक येऊन गेलेले ६०५ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचा सल्ला दिला. उरलेल्यांना सांगितलं : ब्रेड जास्त खा, भाज्या आणि कंद जास्त खा, मासे वाढवा, लाल मांस कमी करा, एकही दिवस फळाशिवाय जाऊ देऊ नका, आणि लोणी-सायीऐवजी रेपसीड तेलापासून केलेलं मार्गारिन वापरा.

१९९९ च्या अंतिम अहवालात हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा हार्ट अटॅक अशा घटना नेहमीच्या आहाराच्या गटात ४४ होत्या, नव्या आहाराच्या गटात १४. प्रयोग लहान होता, वेळेआधी थांबवला गेला, त्यामुळे आकड्यांना फार ताणू नये. पण एक गोष्ट लक्षात घ्या : दोन्ही गट अल्कोहोल जवळपास सारखंच घेत होते. फरक पडला तो ताटात.

दक्षिण फ्रान्समधल्या रोजच्या ताटाकडे बघा, सणावारच्या बदकाकडे नको. पांढरा राजमा आणि भाज्या घालून, वर बेसिल-लसणाची चटणी सोडलेलं पिस्तू सूप. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह ऑइलचं राताटुई. आणि नीसच्या रस्त्यावर मिळणारा सोका : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑइल, मीठ. आपलं बेसनाचं धिरडंच की हो! कडधान्य, भाजी, पालेभाजी, थोडं चांगलं तेल, मूठभर दाणे, फळ. हे आणायला मुलाला तुलूजला पाठवायची गरज नाही. मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, एक पेरू. पण उसळीची बाटली कुणी सुंदर लेबल लावून विकत नाही, म्हणून तिचे फॉरवर्ड येत नाहीत.

"पण डॉक्टर..."

*"वाइन म्हणजे दारू नव्हे ना?"* २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय झाला तेव्हा हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकू आलं. निर्णयाचं राजकारण तुम्ही बघा, मी फक्त हिशेब सांगतो. १४ टक्क्यांच्या वाइनची ७५० मिलीची बाटली म्हणजे सुमारे ८३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे साडेसोळा ग्रॅम आणि सव्वाशेच्या आसपास कॅलरी. तुमच्या यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते अल्कोहोलच.

*"थोडी घेतली तर?"* दारू कॅन्सरला कारणीभूत ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केलं. त्यात तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं आणि स्त्रियांमधला स्तनाचा कॅन्सर येतो. अल्कोहोलचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, असं याच संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. थोडी घेतली तर धोका थोडा, जास्त घेतली तर जास्त. फ्रेंच सरकारी आरोग्य यंत्रणाही सांगते : आठवड्याला १० पेक्षा जास्त नको, दिवसाला २ पेक्षा जास्त नको, आणि काही दिवस पूर्ण कोरडे. इथे एक माप म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. वरचा १५० मिलीचा ग्लास दीड मापाहून जास्त भरतो.

*"मग आपल्याला फ्रेंचांसारखा फायदा का नाही?"* ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात एकूण लोकांमध्ये दारूचा थोडा फायदा दिसला होता. दक्षिण आशियाई लोकांमध्ये तोही दिसला नाही. आपल्याकडे पिण्याची रीतही वेगळी. तिथे जेवणाबरोबर सावकाश. इथे 'बसायचं' म्हणजे रिकाम्या पोटी, खारट-तळलेल्या चखण्याबरोबर, आणि जेवण रात्री अकराला.

लक्षात ठेवा

- तुम्ही पीत नसाल तर हृदयासाठी म्हणून कधीही सुरू करू नका. कोणत्याही वयात.
- अनियमित ठोके, वाढलेला रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, फॅटी लिव्हर, गरोदरपण, घरात स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास : यातलं काही असेल तर उत्तर "नको" हेच.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, झोपेच्या गोळ्या, फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. डायबेटिसमध्ये रिकाम्या पोटी दारू घेतल्यास साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते.
- रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर एकदम स्वतःहून बंद करू नका. हातपाय थरथरणं, भ्रम, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.
- आवड म्हणून कधीतरी घेत असाल तर जेवणाबरोबर, लहान ग्लास, गाडी न चालवता. आणि स्वतःशी कारण खरं सांगा : "मला चव आवडते." एवढं पुरे. त्यात हृदयाला ओढू नका.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही हात जोडून विनंती. पार्टीत आपण काय पितो ते आपलं. पण दवाखान्यातल्या खुर्चीवरून "एक ग्लास चालतो" म्हटलं की घरी पोचेपर्यंत त्याचं "डॉक्टरांनी सांगितलंय" होतं.

काकांची वाइन मी त्याच दिवशी बंद करायला सांगितली, माझी चूकही कबूल केली. औषधं सुरू झाली. आता ठोके ताब्यात आहेत. गेल्या भेटीत मी विचारलं, "वाइनची आठवण येते का?" काका म्हणाले, "छे हो! तुरट, आंबट. तुम्ही सांगितलं म्हणून घेत होतो."

ते वाक्य अजून टोचतं. तुमच्या घरात कुणी असंच नाक मुरडत पेला रिकामा करत असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.